येरपुडेकाकांचा फॉर्म

येरपुडेकाका नव्या माणसाकडे पहिल्यांदा बघतात ते उकिडवे बसून आणि एक डोळा मिटून. पँट गुडघ्यांपाशी थोडी वर ओढायची, खाली बसायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं समोरच्याला बुटांपासून भांगापर्यंत न्याहाळायचं. यात सहज अर्धं मिनिट जातं. समोरचा बिचारा आधी बुटाची नाडी सुटली का बघतो, मग पँटची चेन बघतो, मग माझ्याकडे. मी तोवर रजिस्टरमध्ये डोकं घातलेलं असतं.

"हलू नका, सर," काका खालूनच सांगतात. "घरी उभे राहता तसे उभे राहा."

हे सर म्हणजे आमच्या बालमंडळात मुलांना काहीतरी शिकवायला आलेले कुणीतरी. टेबल टेनिस, लेझीम, चित्रकला, काहीही. भिलाईत सेक्टर सहामध्ये मराठी मंडळाचा हॉल आहे, तिथं रोज संध्याकाळी पाच ते सात बालमंडळ भरतं. मी त्याची सेक्रेटरी. काकांना कुठलंच पद नाही. दोनदा द्यायचा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा ते म्हणाले, "पद घेतलं का मीटिंगले बसा लागते. मले गेटावर काम हाय." त्यामुळे आमच्या छापील कार्यकारिणीत त्यांचं नाव नाही, आणि त्यांच्याशिवाय आमचं एक पानही हलत नाही.

उकिडवं बसण्यामागं कारण आहे. काकांनी चौतीस वर्षं रेल मिलमध्ये, म्हणजे रेल्वेचे रूळ बनतात त्या कारखान्यात, इन्स्पेक्शनचं काम केलं. रूळ सरळ आहे की नाही हे त्यांच्या उमेदीच्या काळात असंच बघायचे. रुळाच्या टोकाशी बसायचं, एक डोळा मिटायचा, दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यायची. मग मशिनी आल्या. काकांनी मशिनींचा कधी रागराग केला नाही. "मशीन पास करते," ते सांगतात, "पन सही मानसाची राहते. सही केली का मंग ती गाडी आपल्या भरोशावर चालून राहिली." रिटायर झाल्यावर सही करायला काही उरलं नाही, तेव्हा ते आमच्याकडे आले आणि माणसं तपासायला लागले.

त्यांचा फॉर्म सुरुवातीला एका पानाचा होता. नाव, पत्ता, शिक्षण, पूर्वी कुठे शिकवलं. आता तो चार पानांचा आहे आणि त्यात एकेचाळीस प्रश्न आहेत. राग आल्यावर काय करता, हा अकरावा. लहान मुलानं तुम्हाला खेळात हरवलं तर काय करता, हा बारावा. एका कॅरमवाल्या सरांनी बाराव्यापुढे ऐटीत लिहिलं, "मी हरत नाही." काकांनी त्यांना नऊ वर्षांच्या सिमरनपुढे बसवलं. सिमरन आमच्याकडची कॅरमची वाघीण. सर हरले, आणि काका सगळा वेळ बोर्डाकडे न बघता सरांच्या तोंडाकडे बघत होते. सर हरल्यावर खो खो हसले आणि म्हणाले, "फिरसे!" तिथंच त्यांचं काम झालं.

पास झालेल्याच्या फायलीवर काका हिरव्या पेंटचा ठिपका देतात, नापास झालेल्याच्या लाल आणि लटकलेल्याच्या पिवळा. पिवळा असेतोवर गेटाच्या आत एकट्यानं यायचं नाही. आमच्या कपाटात सगळ्यात जास्त पिवळा आहे. कपाट उघडलं की हळदीकुंकवाला आल्यासारखं वाटतं.

पोलीस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र तर लागतंच. ते नसेल तर काका फॉर्म हातातही देत नाहीत. पण ते आणलं की आपण सुटलो असं ज्यांना वाटतं, त्यांची गंमत तिथून सुरू होते.

"ठाणं काय लिहून देते?" काका मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते. "का ह्या मानसाले आजवर कोनी पकडलं नाही. एवढंच. पकडलं नाही आन चांगला हाय, ह्या दोन गोष्टी एक हाय का, सेक्रेटरीबाई?"

मी नोकरीनं शिक्षिका. तोवर बरीच वर्षं शाळेत काढली होती, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मला तेव्हा स्वतःची थोडी लाज वाटली होती.

मग काका स्कूटर काढतात. ती स्कूटर सेक्टर दहाहून निघाली की सेक्टर सहाला कळते. माणूस जामुलचा असेल तर जामुलला, दुर्गचा असेल तर दुर्गला. फॉर्मच्या सतराव्या रकान्यात दोन साक्षीदारांची नावं द्यायची असतात. सज्ञान, नात्यातली नसलेली, दहा वर्षं ओळखणारी. त्यांना काका नीट भेटतात, चहा पितात, साक्षीच्या छापील पानावर लिहून घेतात. पण त्याच्यावर थांबत नाहीत. "आपन निवडलेला मानूस आपल्याले खराब कावून म्हनन?" म्हणून मग न सांगता डावं घर आणि उजवं घर. तिथं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि उठता उठता, चपला घालताना, एक प्रश्न.

"त्याह्यच्या आंगनात पोट्ट्याह्यचा बॉल गेला, तं कोन आनाले जाते?"

बस. एवढंच. "पोट्टे घुसतेत ना धाडधाड," असं उत्तर आलं की काका खूश. "बेल वाजवून मागून आनतेत," हेही चालतं. मी एकदा म्हटलं, काका, यात काय कळतं? म्हणाले, "मोठे मानसं भिडेखातर खोटं बोलतेत. पोट्टे बॉलच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

शेजाऱ्यांनी सांगितलेलं सगळं लिहून काका लिफाफ्यात घालतात आणि लिफाफा चिकटवतात. त्यात काय आहे आणि कुणी सांगितलं हे उमेदवाराला कधीच कळू द्यायचं नाही. साक्ष उघडी पडली तर उद्यापासून कुणी खरं बोलणार नाही, असा त्यांचा हिशेब.

यातून माझा नवराही सुटला नाही. रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवावं असं त्याच्या मनात आलं. मी काकांना म्हटलं, मी एकोणीस वर्षं ओळखते त्यांना. "बायकोची साक्ष चालत नाही," काका शांतपणे म्हणाले, आणि खरंच माझ्या नवऱ्यासमोर उकिडवे बसले. आमच्या वरच्या मजल्यावर चौकशी झाली, खालच्या मजल्यावर झाली, आणि एक दिवस माझ्या आईचा दुर्गहून फोन आला की एक गृहस्थ जावयाबद्दल विचारून गेले, स्थळ वगैरे बघताहेत की काय? आईनं जावयाची इतकी तारीफ केली होती की मलाही नवीन होती. काका मला म्हणाले, "तुमच्या आई साफ खोटं बोलल्या. पन जावयासाठी सासू खोटं बोलून राहिली, म्हंजे मानूस बरा असला पायजे." दोन महिने पिवळा राहून आमचे हे हिरवे झाले. घरात काही वाजलं की हे प्रमाणपत्र अजून माझ्या तोंडावर फेकलं जातं.

आणि गणपतीत एकदा बालनाट्याची बक्षिसं द्यायला एक बडे साहेब आले होते. स्वागताला अध्यक्ष मोहोडसाहेब हार घेऊन उभे, आणि हाराच्या आधी काका फॉर्म घेऊन पुढे. मोहोडसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण पाहुणे साहेब भले होते. त्यांनी कारच्या बॉनेटवर ठेवून चारही पानं भरली, अकराव्या प्रश्नापुढे "मिसेसला विचारा" असं लिहिलं. साक्षीदारांचे फोन लागले नाहीत, म्हणून काकांनी त्यांना पिवळं ठरवलं. मग साहेबांनी बक्षिसं दिली आणि काका शेवटच्या बक्षिसापर्यंत त्यांच्या कोपराला कोपर लावून उभे राहिले. अल्बममधल्या एकूण एक फोटोत ते आहेत.

तुम्ही हसाल. आम्हीही हसतो. पण मी अभिमानानं सांगते, आमच्या कॉलनीत मराठीच नाही, बंगाली, तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी घरांतली लेकरंही आमच्या हॉलमध्ये येतात. मोहोडसाहेबांना वाटतं ती आमच्या नाटकांसाठी येतात. एक आई मला म्हणाली होती, "दीदी, आपके यहाँ छोड़के जाती हूँ तो बार-बार फोन नहीं देखना पड़ता." मी ते वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. आमच्या मंडळाला एवढं मोठं बक्षीस दुसरं मिळालेलं नाही.

आता त्या स्केटिंगवाल्या सरांची गोष्ट.

उन्हाळी शिबिरासाठी ते स्वतःहून आले. उंचेपुरे, बोलणं गोड, कोटाच्या खिशाला मेडल. ठाण्याचं प्रमाणपत्र फाईलमध्ये, प्लास्टिक लावून. पालक इतके हरखले की फी ठरायच्या आधी चौदा जणांनी स्केट्स विकत आणल्या. काका उकिडवे बसले, उठले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्कूटर निघाली. तीन दिवस ती निघत राहिली. चौथ्या दिवशी फाईल माझ्या टेबलावर आली, तिच्यावर लाल ठिपका होता.

"काय मिळालं, काका?"

"काई नाही."

"मग?"

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "बॉल गेला तं पोट्टे आनाले जात नाही. डावीकडच्या बाईनं सांगतलं. उजवीकडच्यानं बी. नवा बॉल घेतेत."

तरीही मी म्हटलं, असेल माणूस तापट, कुत्रा असेल घरात. काका म्हणाले, "कुत्रा नाही. मी पाह्यलं." आणि मग म्हणाले, "तो मानूस वाईट हाय असं मी म्हनत नाही. मले माहीतच नाही. पन मी सही नाही करत."

ते सर वाईट होते की नव्हते हे मला आजही माहीत नाही. पुढेही कधी कळलं नाही. गोष्टीत असतं तसं काही उघडकीला वगैरे आलं नाही, आणि नाही आलं तेच बरं. पण त्या वेळी मंडळात जो गदारोळ झाला तो विचारू नका. लिफाफ्यात काय आहे ते काका सांगेनात, मी सांगू शकेना. चौदा जोड स्केट्सचे पालक एका बाजूला. खास मीटिंग बोलावली गेली. काका आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगला बसले, तेही दाराजवळच्या खुर्चीवर.

मोहोडसाहेब माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्यांच्या नातवाच्या स्केट्स घरी पडून होत्या. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "सगळ्यांची चौकशी करता, येरपुडे! तुमची चौकशी कोणी केली हो आजवर?"

मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "हाव. बराबर हाय. कोनीच नाही केली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपल्याच तपासणीतून एक रूळ तसाच निसटला हे कळल्यावर माणूस जसा दचकेल तसे ते दचकले होते. लाल ठिपका मात्र समितीनं कायम ठेवला. चौदातल्या नऊ पालकांनी शेवटी काकांच्याच बाजूनं हात वर केला, हेही मी अभिमानानं सांगते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता काका गेटाशी आले आणि आत आलेच नाहीत. बाहेरून मला हाक मारली आणि चार पानं हातात दिली. नाव, नारायण येरपुडे. सगळं सुवाच्य, पेननं. सोबत ठाण्याचं ताजं प्रमाणपत्र.

"माहा फॉर्म. होल्डवर हाय मी. फैसला होईस्तोवर गेटाच्या भायेर."

"अहो काका, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. नियम हाय."

आणि ते रस्त्यापलीकडच्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, जाऊन बसले. पाच ते सात. रोज. मुलं गेटातून "काका, अंदर आओ ना!" म्हणून ओरडायची, ते हात हलवायचे. मधूनच मला निरोप पाठवायचे की आतली उजवी ट्यूबलाईट फडफडून राहिली, की हिरव्या फ्रॉकवालीला आज घ्यायला वेगळा माणूस आला, नाव विचारा. विचारलं, तर तो तिचा सख्खा मामा होता. तरीही विचारलं याचा मामाला आनंद झाला.

मी त्या रात्रीच फॉर्म वाचला होता. तुमच्याविरुद्ध कधी तक्रार झाली का, या प्रश्नापुढे त्यांनी तीन तक्रारी लिहिल्या होत्या, त्यांतल्या दोन माझ्या होत्या. राग आल्यावर काय करता? "स्कूटर पुसतो." आणि सतराव्या रकान्यात, जिथं दोन साक्षीदारांची नावं लिहायची, तिथं त्यांनी एकच शब्द लिहिला होता.

"होते."

आता चौकशी माझ्याकडे होती, आणि मी ती त्यांच्याच पद्धतीनं करायची ठरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी घेऊन सेक्टर दहाला गेले. काकांच्या डाव्या बाजूचं क्वार्टर बंद, दाराला इतकं जुनं कुलूप की त्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. उजवीकडे एक नवी सून, सहा महिन्यांपूर्वी आलेली. "अंकलजी? अच्छे हैं. सुबह स्कूटर पोंछते हैं. शाम को चले जाते हैं." नाव विचारलं तर तिला सांगता येईना. बॉलचं विचारलं तर ती हसली. "यहाँ बच्चे कहाँ हैं, दीदी? पूरी लाइन में एक भी नहीं."

मी पूर्वीच्या क्वार्टरवर गेले, ज्या ओळीत काका आणि काकू वीस वर्षं राहिले. काकू जाऊन सात वर्षं झाली. ओळीत एकही जुनं नाव नव्हतं. रेल मिलमधल्या सोबत्यांची नावं मिळवली. एक वारले. एक हैदराबादला मुलाकडे. एक नागपूरला, त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं की बाबांना आता घरच्यांचीही ओळख पटत नाही. जामुलला एक आहेत असं कळलं, भर उन्हात तिथंवर गेले, तर त्यांच्या फोटोला हार होता. काकांचा मुलगा दूरदेशी, आणि नातेवाइकाची साक्ष चालत नाही.

परत येताना मी एका झाडाखाली स्कूटी थांबवली आणि रडले. अख्ख्या भिलाईत कुणाच्या डावीकडे कोण राहतं आणि उजवीकडे कोण, हे ज्या माणसाला पाठ, त्याच्या डावीकडे कुलूप होतं आणि उजवीकडे कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी सोळा वर्षं रोज दोन तास त्यांच्याबरोबर काढले होते, पण मी समितीतली. माझी साक्षही चालत नव्हती.

समितीनं अर्थातच सूट द्यायचा ठराव केला. मोहोडसाहेबांनीच मांडला, ओशाळून. मी पुलियावर जाऊन काकांना तसं सांगितलं.

"सूट?" काका म्हणाले. "मले सूट देसान, तं उद्या त्या स्केटिंगवाल्याले काय सांगसान? तो म्हनन, तुमच्या मानसाले येगळा कायदा हाय का?"

"मग काय जन्मभर इथंच बसणार?"

"इथून बी दिसते गेट," ते म्हणाले.

घरी येऊन मी तो सतरावा रकाना पुन्हा वाचला. साक्षीदार सज्ञान असावा. नात्यातला नसावा. दहा वर्षं ओळखणारा असावा. कितीतरी वेळ बघत बसले, आणि मग उमगलं की साक्षीदार आज सज्ञान हवा. दहा वर्षांपूर्वी तो किती मोठा होता, हे काकांनी कुठेच विचारलेलं नाही.

बालमंडळातून मोठी होऊन गेलेल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दिवाळीच्या शुभेच्छांपुरता. मी त्यात साक्षीचं पान टाकलं आणि लिहिलं की येरपुडेकाका होल्डवर आहेत, ज्यांना खरं लिहायचं असेल त्यांनी लिहावं. गोड लिहू नये.

पहिलं उत्तर पूर्वाचं आलं. ती आता रायपूरला नर्स आहे. 'या व्यक्तीची ओळख कधी व कशी झाली?' या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं:

"मी सात वर्षांची होते. बाबांची ड्युटी अचानक बदलली आणि मला घ्यायला कोणी आलं नाही. सगळे गेले. मी रडत नव्हते, पण रडणार होते. काकांनी गेटाच्या दिव्याखाली, रस्त्यावरून दिसतील अशा तीन खुर्च्या मांडल्या. एक मला, एक वॉचमनच्या बायकोला, एक थोडी लांब स्वतःला. मला म्हणाले, भेव वाटते का? मी हो म्हटलं. म्हणाले, मले बी वाटते. तुझा बाबा येईस्तोवर आपन संगं भिऊ. मग आम्ही संगं भ्यालो. बाबा कधी आले मला आठवत नाही. वॉर्डात घाबरलेलं लेकरू आलं की मी अजून तसंच करते, आधी खुर्ची ओढून बसते."

मी भाजी करपवली. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बुद्धिबळाच्या सोंगट्या उगाच पुन्हा पुन्हा मांडत बसला.

मग एकेक येत गेले. पुण्याहून, बंगळुरूहून, इथल्याच सेक्टर सातमधून. एकानं तक्रारीच्या रकान्यात लिहिलं की काकांनी माझा पतंग जप्त केला होता, तो परत मिळावा. एकीनं सगळं हिंदीत लिहिलं आणि शेवटी मोडक्या मराठीत, "काका मले पास पायजे." मी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला उलट फोन करून चौकशी केली, पद्धत म्हणजे पद्धत. मग पेंटचा डबा उघडला. हिरवा ठिपका देताना मी ब्रश इतका बुडवला की तो ठिपका न होता चांगला रुपयाएवढा डाग झाला.

संध्याकाळी फाईल घेऊन पुलियावर गेले. काकांनी ती हातात घेतली, हिरव्यावरून अंगठा फिरवला. पेंट अजून ओलं होतं.

"दोन साक्षी भेटल्या?" त्यांनी विचारलं.

"भेटल्या."

"कोन..." असं म्हणून ते थांबले. ओठ मिटून घेतले. साक्ष कुणाची हे उमेदवारानं विचारायचं नसतं. आयुष्यात मी कुणाला एखादी गोष्ट इतकी विचारावीशी वाटताना पाहिलं नाही, आणि इतकी न विचारताना.

मलाही सांगायची तितकीच इच्छा झाली होती. पण मी त्यांच्या हाताखाली शिकलेली. नाव सांगितलं नाही.

"काका, कोणी ते सांगता येत नाही. पण किती ते सांगायला बंदी नाही. अकरा आले."

"अकरा?"

"अकरा."

त्यांनी मान वळवून हॉलकडे पाहिलं. आत लेझीम चालू होती. मी त्यांच्या चष्म्याकडे बघायचं टाळलं.

मग मला आठवलं, फॉर्मच्या शेवटी त्यांनीच बारीक अक्षरात छापून घेतलंय, दोनपेक्षा जास्त साक्षी आल्यास जादा परत कराव्या. एवढं सगळं नियमानं केलं, तर शेवटही नियमानं व्हावा म्हणून मी म्हटलं, "दोन लावून घेतल्यात, काका. बाकीच्या नऊ उद्या परत पाठवते."

मला ते नेहमी सेक्रेटरीबाई म्हणतात आणि तुमी म्हणतात. ते उठले, पँट झटकली, फाईल माझ्या हातात परत दिली, पण लगेच सोडली नाही.

"परत नको पाठवू, बेटा," ते म्हणाले. "राहू दे फाईलमधी. नऊच्या नऊ."